गच्चीवरचा मांडव

पडदा वर जातो. समोर कोपरखैरणे गावातली एक गच्ची, वेळ उन्हं कलल्यानंतरची. मागे एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या इमारती, इतक्या खेटून की या खिडकीतून त्या खिडकीत मीठ मागावं आणि हात लांब करून घ्यावं. डाव्या अंगाला पाण्याच्या काळ्या टाक्या, दरबारातल्या भालदारांसारख्या गप्प. उजवीकडे दोरीवर वाळत घातलेली लुगडी वाऱ्यानं फुगतात आणि खाली बसतात, जणू आत कुणी श्वास घेतंय. दोन इमारतींच्या फटीतून खाडीची एक चमकती पट्टी दिसते. आणि बरोबर मध्यभागी, प्लास्टिकच्या खुर्चीवर पाय वर घेऊन बसलेल्या केशरबाई. हिरव्या काठाचं लुगडं, अंबाड्यात अबोलीचा गजरा, डोळे मिटलेले.

बघणाऱ्याला वाटावं, बाई झोपल्या. पण त्यांचे ओठ हलत होते. आवाज मात्र नव्हता. आवाजाला बंदी होती, आणि ती त्यांनी स्वतःच स्वतःवर घातलेली.

केशरबाई धवलारीण होत्या. आगरी-कोळ्यांच्या लग्नात भटजींच्या आधी जिचा सूर लागतो, ती धवलारीण. मांडवाची मेढ रोवली की ती गाणार. हळद दळायला घेतली की ती गाणार. कुळाच्या देवांना, खाडीला, वाऱ्याला, घरातल्या गेलेल्या माणसांना 'लग्नाला या' म्हणून आमंत्रण देणार तेही गाऊनच. या गाण्यालाच धवला म्हणतात. एक ओळ ती टाकते, दोघीजणी ती झेलतात आणि परत तिच्या ओटीत घालतात. झेलणाऱ्या नसल्या तर धवला होत नाही. टाकलेली ओळ भुईवर पडते. आणि मांडव नसताना तर तो आवाजात म्हणायचाच नाही. केशरबाईंच्या आत्यानं शिकवलं होतं: मांडवाविना धवला म्हटला तर त्याला उतरायला जागा मिळत नाही, घिरट्या घालत राहतो बिचारा. म्हणून मांडव नसेल त्या दिवसांत केशरबाई नुसत्या ओठांत म्हणायच्या. नटानं विंगेत उभं राहून पुढचा प्रवेश मनात घोळवावा, तशा.

अलीकडे विंगेतच फार दिवस जात होते.

त्या जन्मल्या घणसोलीत, मिठागराच्या कडेला. लग्न होऊन कोपरखैरण्यात आल्या तेव्हा दारापासून खाडीपर्यंत भातशेती होती. मग जमिनी गेल्या, सेक्टर आले, नवरा तुर्भ्याच्या कंपनीत लागला, घराच्या जागी माळे चढले, खालच्या खोल्यांत भाडेकरू आले. नवरा गेला. या सगळ्यात एक गोष्ट जागची हलली नाही: लग्नसराई आली की कुणीतरी नारळ घेऊन दारात यायचं आणि म्हणायचं, "केशरबाय, मांडव पडतोय, या." उंबऱ्यावर तो नारळ ठेवला गेला की बाईंच्या अंगावर जणू रंगभूषा चढायची. गुडघे दुखायचे थांबत. चाल बदले.

आता लग्नं खारघरच्या हॉलमध्ये होतात. नवरी धुरातून येते, नवरदेव गाडीच्या टपावर नाचतो, आणि हळदीला एवढा मोठा डीजे असतो की म्हाताऱ्यांच्या कवळ्या थरथरतात. केशरबाईंना त्याचा राग नव्हता. नाचणारी पोरं त्यांना आवडायची. फक्त नारळ येईनासा झाला होता.

त्या दुपारी जिन्यात धापा ऐकू आल्या. बायजाबाई वर आल्या, मागोमाग गंगू. केशरबाईंच्या ओळी उभा जन्म झेलणाऱ्या त्या या दोघी. बायजाबाई वयानं थोरल्या, आवाज गोधडीसारखा जाड आणि उबदार. गंगू पन्नाशीची, मासळीच्या टोपलीमागं बसून गिऱ्हाइकांना हाका मारून मारून आवाज सुरीसारखा झालेली.

"केशर, मी चालली," बायजाबाई म्हणाल्या.

"आता तं आयलीस. बस जरा."

"तसा नाय गो. उरनला चालली. लेकाकडं. गावदेवीची जत्रा झाली का जानार."

"रव्हाला?"

"रव्हाला. हितं बसून काय करू? कोन हाक मारतंय? गल्यान बुरशी आयली."

गंगूनं कपाळाला हात लावला. "मंग मी एकटी काय झेलू? म्हंजे मासलीचा डोका टोपलीन आनि शेपूट उरनला."

"तुजा आवाज हाय ना. ईस मानसांचा हाय."

"बाजारान हाय. मांडवान तुजे आवाजाखाली लपतंय मी, म्हनून बरा लागतंय."

केशरबाईंनी मान वळवली. खाडीच्या पट्टीकडे बघत राहिल्या. त्यांना पक्कं ठाऊक होतं, बायजाबाईंना उरणची ओढ नव्हती. इथल्या शांततेचा कंटाळा होता. जत्रेआधी एक नारळ दारात आला, एकच, तर ही बाई हलायची नाही. आणि नाही आला, तर धवल्याचा एक खांबच निघून जाणार. मग मांडव कशावर उभा राहणार?

दोरीवरची लुगडी काढायला वर आलेल्या रुतिकेनं हे सगळं ऐकलं. रुतिका त्यांची सून. महापेच्या एका ऑफिसचं काम घरात बसून करायची. काम असं, की कुणाचं मिठाईचं दुकान, कुणाचा दातांचा दवाखाना, कुणाचा क्लास. लोकांनी गूगलवर शोधलं की ते नाव वर दिसलं पाहिजे. सासूला ते कधी नीट कळलं नव्हतं, आणि सुनेनंही कधी नीट सांगितलं नव्हतं.

"आई," ती म्हणाली, "तुमची वेबसाइट आहे ना? हितेशभाऊंनी केलेली?"

"हाय बोलतान."

"मग कुणी फोन का करत नाही?"

"ते तू सांग. त्यान तुजा पगार येतो."

हितेश हा केशरबाईंचा पुतण्या. त्याचं फ्लेक्स छापायचं दुकान. गावात वाढदिवस, बारसं, दहावा, निवडणूक काहीही असो, चौकात लागणारा बॅनर हितेशचा. काकूवर त्याची माया होती. एका रविवारी कुणी न सांगता त्यानं वेबसाइट करून टाकली होती आणि पेढेही वाटले होते.

रुतिकेनं लॅपटॉप तांदूळ निवडायच्या सुपाशेजारी ठेवला आणि ती वेबसाइट उघडली. उघडता उघडेना. गोल चक्र फिरत राहिलं. गंगूनं तेवढ्यात पान लावून खाल्लं. शेवटी चित्र उतरलं आणि चौघीही पुढं वाकल्या.

अख्खी वेबसाइट म्हणजे एक फ्लेक्स होता. पिवळ्या-भगव्या ज्वाळा, वर एकवीरा आई, दोन्ही बाजूंना सिंह. मधोमध मोठ्या अक्षरांत 'आगरी कोळी संस्कृतीची शान', खाली 'शुभेच्छुक' म्हणून गावातले पुढारी, गॉगल घातलेला मित्रपरिवार, हितेश स्वतः हात जोडून, आणि हितेशचा कुत्रा. सगळ्यात खाली कोपऱ्यात, टपालाच्या तिकिटाएवढ्या गोलात, केशरबाई.

"ह्या कोन?" बायजाबाईंनी बोट ठेवलं.

"मीच ती," केशरबाई म्हणाल्या.

"मना वाटला, देवीचा पाय हाय."

गंगू इतकी हसली की पान बाहेर आलं. रुतिकेनं मात्र हसू आवरून गंगूचा फोन मागितला. "स्वतःच्या फोनवर बघायचं नसतं," ती म्हणाली, "तो आपल्याला ओळखतो, आपल्याला बरं वाटेल तेच दाखवतो." गंगूच्या फोनवर तिनं आगरी लग्न, लग्नाची गाणी, नवी मुंबई असं काय काय टाकून पाहिलं. डीजे आले. हॉल आले. ऑर्केस्ट्रा, घोडेवाले, ड्रोनवाले आले. पानं उलटत गेली. केशरबाई कुठंच नव्हत्या.

"आई, त्या मशीनला चित्र दिसतं, पण त्यातलं नीट वाचता येत नाही. त्याला अक्षरं लागतात, टाइप केलेली. हितेशभाऊंनी तुमचं नाव, गाव, फोन, सगळं चित्रातच छापलंय. म्हणजे नाटक चालू आहे, पण पडदाच वर गेलेला नाही. बाहेरच्याला काय कळणार आत कोण आहे?"

"आनि गाना? गाना तं आयकल ना?"

"गाणंही ऐकत नाही तसं. वाचतं फक्त."

केशरबाईंनी विचार केला. "म्हंजे माज्या उलटा हाय. मी आयकतंय, वाचत नाय."

"तसंच," रुतिका म्हणाली. "म्हणून तुमच्या दोघांच्या मध्ये मी बसते. तुम्ही सांगा, मी लिहिते. धवला म्हणजे काय, कधी गातात, कुठल्या गावांना तुम्ही जाता, सगळं. लोक ज्या शब्दांत शोधतात त्या शब्दांत. आणि धवल्याचे बोलही लिहू, चार ओळी तरी. ते दुसऱ्या कुणाकडे नाहीत. डीजेवाल्यांकडे तर नाहीच."

इथवर केशरबाई ऐकत होत्या. आता त्यांनी पाय खाली घेतले.

"धवलारीन सोताहून हाक नाय मारत. तिला बोलवाला येतान."

"हाक नाही मारायची, आई. दार उघडं ठेवायचं. दारावर नाव लिहायचं. एवढंच."

"नाव लिव. बोल नाय सांगनार. मांडव हाय का हितं?"

"नुसते शब्द सांगा की. चाल नको."

"चालीशिवाय मना येत नाय. आनि चाल लावली का तो धवलाच झाला."

हे खरंच होतं. त्या शब्द आणि चाल वेगळे करू शकत नव्हत्या. पाण्यातून ओल काढा म्हणण्यासारखं होतं ते. रुतिकेनं लॅपटॉप मिटला. बायजाबाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि म्हणाल्या, "जाऊ दे गो पोरी. जत्रा झाली का मी चालली." जिन्यात त्यांची पावलं खाली खाली विरत गेली.

नंतरचे काही दिवस घरात कुणी हा विषय काढला नाही. रुतिका आपलं काम करत राहिली. हितेशला बोलावून तिनं जेव्हा सांगितलं की सगळं चित्र काढावं लागेल, तेव्हा त्याचा चेहराच पडला.

"वहिनी, बारा बाय आठची डिझाइन हाय ती. अख्खी रात्र बसलोय."

"माहीत आहे, भाऊ. पण त्यात आई दिसत नाहीत."

हितेशनं पडद्याकडे वाकून पाहिलं, बराच वेळ. "हां यार," तो हळूच म्हणाला. "काकू राहिलीच." आणि दुसऱ्या दिवशी तो कॅमेरा घेऊन आला, गजरा घातलेल्या, खाडीकडे पाहणाऱ्या केशरबाईंचा एकच फोटो काढला, आणि ज्वाळा एकही टाकली नाही. कुत्र्याबद्दल मात्र त्यानं दोनदा विचारलं.

पण बोल? बोलांशिवाय वेबसाइटचं पान मोकळंच होतं.

मग एका दुपारी केशरबाईंना खुर्चीतच डोळा लागला. अन् गच्ची हलकेच वितळली. टाक्या गेल्या, इमारती गेल्या, पायाखाली मिठागराचा बांध आला. पांढऱ्या मिठाच्या राशी उन्हात झगझगत होत्या. बांधावर एक परकऱ्या वयाची केशर, तिच्यासमोर लाकडी पळीची नवरी, नारळाच्या शेंडीचा नवरा. चार काटक्यांचा मांडव, वर करंजाची पानं. आणि केशर गात होती, मोठ्यांचं ऐकून ऐकून तोंडात बसलेलं. आत्या मीठ ओढता ओढता थांबली. रागावेल म्हणून केशर गप्प झाली. पण आत्यानं फावडं खाली ठेवलं, खारट पायांनीच येऊन समोर बसली, आणि केशरची पडलेली ओळ अलगद झेलली.

केशरबाई जाग्या झाल्या तेव्हा ऊन टाकीवर चढलं होतं. हे स्वप्न नव्हतंच. तसंच घडलं होतं. आयुष्यातला पहिला धवला त्यांनी बाहुला-बाहुलीच्या लग्नात म्हटला होता, आणि ज्या आत्यानं मांडवाचा नियम शिकवला तिनंच तो झेलला होता. मांडव केवढा असावा, हे आत्या कधी बोललीच नव्हती.

त्यांनी जिन्यातून खाली हाक मारली, "रुतिका, पोरी, काटक्या आन. चार. आनि आंब्याचा टाला."

गच्चीवर आंब्याच्या डहाळीचा मांडव पडला. गुडघ्याएवढा, पण चारही कोपरे नीट बांधलेला. केशरबाईंनी जुन्या लुगड्याच्या चिंध्यांची नवरी केली, तिला गंगूनं मण्याचं डोरलं घातलं. नवरा म्हणून स्वयंपाकघरातला लाकडी डाव आला. त्याला हितेशनं कागदाच्या मुंडावळ्या बांधल्या आणि, सवय जाईना म्हणून, कागदाचा गॉगलही लावला. बायजाबाईंना बोलावणं गेलं. ते रीतसर, नारळ देऊनच. रुतिका स्वतः घेऊन गेली.

"कोनाचं लगीन?" बायजाबाईंनी दारातूनच विचारलं.

"आमच्या डावाचं."

बायजाबाईंनी नारळाकडे पाहिलं. किती महिन्यांनी दारात आला होता तो. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि म्हणाल्या, "थांब. बरं लुगडं नेसतंय."

आणि मग ती संध्याकाळ. सूर्य खाडीवर आलेला, लुगडी दोरीवरून हळूहळू हलतायत, खालच्या गल्लीतला रिक्षांचा गोंगाट दुसऱ्याच कुठल्या तरी गावाचा वाटावा इतका लांब. केशरबाईंनी डोळे मिटले. नाटकात तिसरी घंटा झाल्यावर जी एक शांतता पसरते ना, तशी पसरली. आणि त्यांनी ओळ टाकली:

"खाडीचे पान्यान गो मोती घावला,
मोती घावला, मांडवान ठेवला."

बायजाबाईंनी ती खालून उचलली, गंगूनं वरून धरली. ओळ फिरत राहिली. बुरशी कुठं होती? शेजारच्या खिडक्या उघडल्या. समोरच्या माळ्यावरची भाडेकरीण, हातातली पोळी तव्यावर तशीच ठेवून, गजांना चेहरा लावून उभी राहिली. केशरबाईंनी देव बोलावले, खाडी बोलावली, आत्याला बोलावलं, नवऱ्याला बोलावलं. रुतिका मांडवाशेजारी मांडी घालून बसली होती, फोन रेकॉर्डिंगला लावून, आणि बोटं लॅपटॉपवर चालवत. मध्येच तिची बोटं थांबली. डोळ्यांतून पाणी यायला लागल्यामुळे तिला अक्षरं दिसेनाशी झाली होती.

"लिवतंस ना?" गंगूनं ओळ संपता संपता विचारलं, सूर न सोडता.

आवाजाच्या बाबतीत केशरबाईंनी हात राखूनच दिलं. दोनच ओळींचा आवाज वेबसाइटवर ठेवायला परवानगी मिळाली, बाकीचे बोल अक्षरांत. "आवाज सगला दिला," त्या म्हणाल्या, "तं मानूस कांदा चिरताना आयकल. मांडवान येऊ दे, तवा आयकवीन."

रुतिकेनं पान नव्यानं मांडलं. हलकं, झटकन उघडणारं. वरच अक्षरांत नाव, गाव, काम. खाली लोक विचारतील तसे प्रश्न: धवला म्हणजे काय? आगरी लग्नात धवला कधी म्हणतात? उरण, पनवेल, पेणकडे तुम्ही येता का? प्रत्येकाचं उत्तर केशरबाईंच्या तोंडचं, तिनं शुद्ध भाषेत आणलेलं. पण जिथं शुद्ध केल्यावर चव जाईल तिथं तसंच ठेवलेलं. नकाशावर घराची खूण केली, 'मारुतीच्या देवळामागे' असं लिहून. ज्यांच्या लग्नांत बाई गायल्या होत्या त्यांना फोन करून तिनं दोन शब्द लिहायला सांगितले, ज्यानं त्यानं आपापल्या फोनवरून, आपल्या मनातले. गंगूनं बाजारातल्या सगळ्या कोळणींकडून एकाच फोनवर लिहून घ्यायची तयारी दाखवली होती. एकाच फोनवरून आलेलं मशीन खोटं धरतं, म्हणून तिला हात जोडून थांबवलं.

एकाच गोष्टीवर सासू-सुनेचं वाजलं. 'बोलवायचं कसं?' या प्रश्नाखाली रुतिकेला फोनचं बटण हवं होतं. दाबलं की झालं.

"नाय," केशरबाई म्हणाल्या. "फोन करा इचाराला. पन बोलवाला दारान या. नारल, पान, सुपारी घेऊन."

"आई, आजकाल एवढं कुणी करत नाही. लोकांना सगळं पटकन लागतं. वाचून निघून जातील."

"जाऊ दे निघून. जो नारल आनत नाय त्याचे मांडवान मना देव कसं सापरतील?"

रुतिकेनं मान हलवली, सुस्कारा सोडला, आणि तसंच लिहिलं.

मग वाट पाहणं. रुतिका म्हणायची, याला वेळ लागतो, मशीन येतं, वाचतं, विचार करतं. केशरबाई रोज विचारायच्या, "आलता का वाचाला?" जणू लांबचा पाहुणा येणार होता. फाल्गुन आला. शिमग्याच्या होळ्या विझल्या. चैत्र लागला. डीजेवाल्यांच्या गर्दीत कुठंतरी खाली, मग थोडं वर, केशरबाईंचं नाव दिसायला लागलं. रुतिका खूश होती. पण नाव वर चढत होतं आणि फोन मुका होता. गावदेवीच्या देवळाला रंग लागला, पाळणे आले. बायजाबाईंनी पिशवी भरली.

जत्रेच्या आदल्या सकाळी फोन वाजला. एक मुलगी होती. "केशरबाई आहेत का? मी राजेश्वरी. आम्ही येऊ का, नारळ घेऊन?"

ती संध्याकाळी आली तेव्हा गंगूही येऊन बसली होती. सोबत तिचे वडील, कृष्णात. मूळचे साताऱ्याकडचे, वाशीच्या मार्केटात माथाडी. गाठीचे खांदे, डोक्यावर पांढरी टोपी, आणि दोन्ही हातांत धरलेला नारळ असा, की जन्मभर गोण्या उचललेल्या माणसाला एवढंसं ओझं पेलवेना.

"ताई," ते म्हणाले, "आमाला तुमच्यातलं काय ठावं न्हाय. पोरगी म्हनली, जायाचं. म्हनलं, चला."

राजेश्वरीनं सांगितलं. तिचं लग्न ठरलं होतं, दिपेशशी, उरणजवळच्या गावातला आगरी मुलगा, एकाच कंपनीत कामाला. त्याची आई गेल्या वर्षी गेली. तो एकदाच बोलला होता, आई असती तर तिनं धवलारीण बोलावलीच असती. पण त्यांच्या गावातली शेवटची धवलारीण आईच्या आधी गेली. "मला तो शब्दही माहीत नव्हता," राजेश्वरी म्हणाली. "जेवणाच्या सुट्टीत फोनवर टाइप केलं, आगरी लग्नात धवला कोण म्हणतं. तर तुमचं पान आलं. त्यात लिहिलं होतं, गेलेल्या माणसांनाही लग्नाला बोलावतात."

"बाकीचे बगितलेस ना?" केशरबाईंनी विचारलं. "डीजे हाय, ऑर्केस्ट्रा हाय."

"बघितले. सगळीकडे होतं, बटण दाबा. इथंच लिहिलं होतं, या म्हणून."

केशरबाईंनी सुनेकडे पाहिलं नाही. पण रुतिकेच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या त्यांना न बघताच दिसल्या. कृष्णातांनी नारळ उंबऱ्यावर ठेवला. केशरबाई उठून उभ्या राहिल्या, गुडघ्याला हात न लावता.

"गंगू," त्या म्हणाल्या, "बायजाला जाऊन सांग, मांडव पडतोय. उरनला."

बायजाबाईंचं उत्तर आलं ते असं: उरणलाच आहे तर बरंच झालं. धवला म्हणते आणि तिथूनच लेकाकडे जाते. पिशवी भरलेलीच आहे.

वैशाखातली हळदीची संध्याकाळ. दिपेशच्या घरासमोर खराखुरा मांडव, हिरव्या डहाळ्यांचा. मागे लांबवर बंदरातल्या क्रेन, उंच मानेच्या बगळ्यांसारख्या क्षितिजावर उभ्या, माथ्यावर लाल दिवे लुकलुकवत. हितेशच्या गाडीतून तिघी उतरल्या, आणि बायजाबाईंच्या हातात ती पिशवी. केशरबाईंनी पिशवीकडे पाहिलं आणि मांडवाकडे चालू लागल्या.

डीजेवाला आलेला होता. हितेश त्याला हळूच काहीतरी सांगून आला, आणि तो पोरगाही आपले स्पीकर बंद करून, खोक्यावर बसून ऐकायला लागला. केशरबाईंनी ओळ टाकली. बायजाबाईंनी झेलली. कोपऱ्यात नवरीकडच्या, साताऱ्याकडून आलेल्या बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. भाषा अर्धीच कळत होती, पण जात्यावरच्या ओव्यांनी त्यांचे कान तयार होते. तिसऱ्या ओळीला त्यांतल्या एकीच्या गळ्यातून हुंकार निघाला आणि गंगूच्या सुराखाली जाऊन बसला.

देवांचं बोलावणं झालं. खाडीचं झालं. मग केशरबाईंनी दिपेशच्या आईचं नाव घेतलं. ये गो बये, तुझ्या लेकाला हळद लागते, वाऱ्यावर बसून ये, पाण्यावर चालून ये. हळदीनं पिवळा झालेला तो उंच मुलगा पाटावर ताठ बसला होता. त्यानं मान खाली घातली आणि ती बराच वेळ वर केली नाही. मांडवाच्या डहाळ्या त्या क्षणी हलल्या. वारा होताच म्हणा समुद्राकडचा. पण सगळ्यांनी वर पाहिलं.

धवला संपला तेव्हा बायजाबाईंचा लेक घ्यायला आलेला होता. शांत, भला माणूस. त्यानं आईसाठी खिडकीजवळची जागा केली होती, पलंगही आणला होता. बायजाबाई त्याच्या गालावरून हात फिरवत होत्या, तोच शेजारच्या घरातल्या दोघी बायका आल्या. जाड आवाजाची म्हणून त्यांनी बायजाबाईंनाच मुख्य समजलं होतं.

"आजे, जेठ म्हयन्यान आमचे पोरीचं लगीन हाय. येशाल ना?"

बायजाबाई वळल्या. लेकाकडे पाहिलं, मग गाडीशी उभ्या असलेल्या केशरबाईंकडे.

"नारल घेऊन यावा लागतं," त्या म्हणाल्या. "कोपरखैरन्यान. मारुतीचे देवलामागं." मग लेकाला म्हणाल्या, "बाबा, पावसालेन येतंय तुज्याकडं. तवा लग्नं नसतान. तवा खिडकी दे मना."

लेक हसला. पिशवी त्यानंच गाडीपर्यंत आणून दिली. हितेशनं गाडी सुरू केली, गंगू पुढं बसली आणि लगेच पेंगायला लागली. बंदराचे दिवे काचेवर हळूहळू सरकू लागले. बायजाबाई मागं केशरबाईंना खेटून बसल्या, पिशवी कुठं ठेवावी हे न सुचून पायापाशी चाचपत.

"पायाशी नको ठेवू," केशरबाई डोळे मिटूनच म्हणाल्या. "मांडीवर घे. लय लांब जायाचं हाय."